लिहिणारा कोण? इंदापूरची मोजणी, सुप्याचा उठाव आणि बारामतीचा प्रश्नमंच

१/
शनिवार-रविवारी महाविद्यालयांच्या सभागृहांत हल्ली एक विषय रंगतो : वेब ॲप्लिकेशनची रचना कशी करावी आणि ऑनलाइन समुदाय कसा उभारावा. तालुक्याच्या गावांतील विद्यार्थीही अशा व्याख्यानांना आवडीने बसतात. उदाहरणे मात्र बहुधा कॅलिफोर्नियातील कंपन्यांची असतात. वास्तविक या विषयाचा एक मोलाचा धडा पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बारामती आणि इंदापूर या शेजारच्या तालुक्यांत, पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लिहिला जात आहे. त्या धड्याची ही कथा.

२/
कोणतेही वेब ॲप्लिकेशन रचताना पहिला निर्णय रंगसंगतीचा नसतो. पहिला निर्णय असतो तो नोंदीचा. कोणती माहिती साठवायची, रकाने कोणते ठेवायचे, त्यांत लिहिण्याचा अधिकार कोणाला, वाचण्याचा कोणाला आणि दुरुस्तीचा कोणाला? संगणकाच्या कितीतरी आधी हाच प्रश्न गावच्या दप्तरात उभा राहिला होता. त्याचे उत्तर कधी राज्यकर्त्याने दिले, कधी सावकाराने. शेतकऱ्याने स्वतः दिले, ते फार उशिरा.

३/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात आला. नव्या सरकारपुढे सर्वांत मोठा प्रश्न होता शेतसाऱ्याचा. कोणत्या शेतावर किती सारा बसवावा, हे ठरवण्यासाठी आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस मोजणी सुरू केली. त्याची पद्धत तर्कशुद्ध होती. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करावा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा. इंग्लंडमधील अर्थशास्त्राचे नवे सिद्धांत तिच्या मुळाशी होते.

४/
कागदावर चोख दिसणारी ही योजना इंदापुरात कोसळली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारी माहिती अचूक मिळणे अशक्यच होते. मोजणीच्या कामात गोंधळ आणि लबाडी शिरली, आकारलेले दर पेलवेनात. त्यातच पावसाने दगा दिला. अवर्षणाच्या या टापूत शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या, कित्येकांनी शेजारच्या निजामाच्या मुलखाची वाट धरली. ओसाड शिवारांनी दाखवून दिले की, माहितीची व्यवस्था सदोष असेल तर तिची किंमत तीत नोंदला गेलेला माणूस मोजतो.

५/
१८३५ मध्ये ही घडी पुन्हा बसवण्यासाठी दोन तरुण अधिकारी इंदापुरात आले : मुलकी खात्यातील एच. ई. गोल्डस्मिड आणि लष्करी अभियंता लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. त्यांनी निव्वळ उत्पन्नाच्या सूक्ष्म गणिताचा नाद सोडला. शेत हे एकक धरले. प्रत्येक शेताला क्रमांक दिला, हद्दीवर खुणा रोवल्या, क्षेत्र मोजले. मग मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून तिची प्रतबंदी केली. या प्रतींच्या तुलनेत सारा ठरला आणि तो ३० वर्षांसाठी स्थिर ठेवण्यात आला.

६/
१८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात लागू झालेली ही पद्धत पुढे ‘मुंबई पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले आणि ती मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. पुढे वऱ्हाडातही तीच गेली. आज सातबाऱ्यावर दिसणारा सर्व्हे नंबर हा त्याच विचाराचा वारस आहे. आजच्या परिभाषेत सांगायचे, तर एका तालुक्यात चाचणी झालेली रचना पुढे सबंध इलाख्याची रचना झाली.

७/
रचना म्हणून ही व्यवस्था प्रिंगलच्या व्यवस्थेहून कितीतरी सरस होती. ती सोपी होती, पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगी होती. ३० वर्षांच्या हमीमुळे शेतकऱ्याला स्थैर्यही लाभले आणि पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. तरीही एक गोष्ट बदलली नाही. दप्तरात शेतकरी होता तो एका ओळीच्या रूपाने. नाव त्याचे, शेत त्याचे, आकारही त्याच्याच माथी. पण लेखणी दुसऱ्याच्या हाती.

८/
त्याच काळात दुसरा एक कागद शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला होता : कर्जरोखा. सारा रोखीने भरायचा, तोही ठरलेल्या हप्त्याला. हाती पैसा नसला की सावकाराच्या दारी जावे लागे. सावकार वहीत नोंद करी, रोखा लिहून घेतला जाई आणि लिहिता-वाचता न येणारा शेतकरी त्यावर निशाणी करी. बहुतेक वेळा निशाणी म्हणून नांगराची आकृती काढली जाई. रोख्यात काय लिहिले आहे, हे त्याला दुसऱ्याच्याच तोंडून कळे.

९/
पूर्वी हा व्यवहार गावकीच्या दबावाखाली चाले. इंग्रजी न्यायालये आल्यावर लेखी रोखा हाच निर्णायक पुरावा ठरला. आता कागद माणसाहून बलवान झाला. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पतपुरवठा सैल झाला. युद्ध संपताच भाव उतरले आणि पत आखडली. नेमक्या याच सुमारास, १८६७ मध्ये, इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. दोन्ही कागदांचा भार एकाच पाठीवर आला.

१०/
असंतोषाची पहिली ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातील करडे या गावी. डिसेंबर १८७४ मध्ये तेथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे; तेव्हा हा भाग भीमथडी तालुक्यात मोडत असे. जमावाने सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. तेथून उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला.

११/
इतिहासकारांचे लक्ष वेधून घेणारी बाब पुढेच आहे. या उठावात सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे घडले. जमावाचा रोख कागदांवर होता. रोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या, हेच ठिकठिकाणी घडले. ज्या गावी सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तेथे बहुधा हिंसा झालीच नाही. शेतकऱ्यांनी आपले लक्ष्य नेमके ओळखले होते : ज्या नोंदीत आपले नाव आहे, पण जिच्या लेखनावर आपला काहीच ताबा नाही, ती नोंद.

१२/
सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातील एक तरतूद आजच्या रचनाकारांनीही वाचावी अशी आहे. शेतकऱ्याचा दस्त गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, असे बंधन घालण्यात आले. म्हणजे लेखनाच्या क्षणीच एक त्रयस्थ साक्षीदार उभा करण्यात आला. कायद्याने कर्जबाजारीपणा संपला नाही. पण नोंद कशी लिहिली जाते यावर न्याय अवलंबून असतो, हे राज्यकर्त्यांनी प्रथमच मान्य केले.

१३/
कागदाप्रमाणे ज्ञानाचा प्रवाहही एकेरीच होता. अठराव्या शतकात बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत राहिले. पुराणिक म्हणून ते पुराण सांगत आणि श्रोते ऐकत. १८७५ मध्ये, म्हणजे सुप्याच्या उठावाच्याच वर्षी, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू झाली. या दोन्ही परंपरांनी महाराष्ट्राची श्रवणशक्ती घडवली. व्यासपीठ मात्र एकाचे, श्रोते अनेक. श्रोत्याच्या मनातील शंका कोठे लिहिली जात नसे.

१४/
१८७६ ते १८७८ चा दुष्काळ ओसरला आणि १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला. कालव्याच्या पाण्यावर ऊस कसा पिकवावा, हे येथील कोरडवाहू शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. हे कसब आले ते माणसांच्या पायांनी. सासवडच्या माळी समाजातील कुशल बागायतदार कालव्याच्या पट्ट्यात येऊन ऊस लावू लागले आणि त्यांच्या बांधावरून इतरांनी पाहून घेतले. पुढे वालचंदनगर उभे राहिले. सहकाराच्या काळात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे कारखाने उभे राहिले.

१५/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्ञानाला संस्थेचे रूप मिळाले. १९७१ मध्ये बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला, १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले. बारामतीचे केंद्र १९९२ मध्ये या ट्रस्टच्या छत्राखाली आले. माती परीक्षण, रोगनिदान, प्रात्यक्षिके, सारे एका आवारात. अडचण एकच. पानावर डाग दिसला की शेतकऱ्याला ते पान घेऊन आवारापर्यंत यावे लागे. इंदापूरच्या टोकाच्या गावातून हा अख्ख्या दिवसाचा प्रवास होता.

१६/
संगणकाने हे अंतर मिटवता येईल, ही कल्पना महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर राबवली गेली ती बारामतीपासून दूर, वारणेच्या खोऱ्यात. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे ७० गावांसाठी वारणा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. साखर कारखान्याच्या आधाराने गावोगावी संगणक केंद्रे उभी राहिली. ऊसनोंदणी, वजनपावत्या आणि खतांचा हिशेब तर होताच. शिवाय शेतकरी इंटरनेटवरून जगाचे ज्ञान मिळवतील, अशी मोठी अपेक्षा होती.

१७/
काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने वारणेचा अभ्यास केला. दिसले ते असे : केंद्रातील संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच वापरले जात होते. तेव्हा ७ गावांत प्रयोग म्हणून संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि लघुसंदेश वापरण्यात आले. तेच काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचे वाटले. गावात यंत्र पोहोचले, पण शेतकऱ्याचा प्रश्न लिहिण्याची जागा त्या यंत्रात कोणी आखली नव्हती.

१८/
ती जागा आखण्याचा प्रयत्न बारामतीत झाला. पार्श्वभूमी अशी : २००१ मध्ये भारत सरकार आणि अमेरिकेतील एमआयटी यांच्या सहकार्याने मीडिया लॅब एशिया ही संस्था सुरू झाली. २००३ मध्ये एमआयटी त्यातून बाहेर पडली, संस्था मात्र चालू राहिली. तिच्या पाठबळावर आयआयटी मुंबईत प्राध्यापक कृती रामामृतम् यांच्या नेतृत्वाखाली विकासासाठी माहितीशास्त्राची एक प्रयोगशाळा काम करत होती. २००३ मध्ये या गटाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्याचे नाव ‘आक्वा’.

१९/
हे नाव ‘ऑलमोस्ट ऑल क्वेश्चन्स आन्सर्ड’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून घडले होते. अर्थ, ‘जवळजवळ सर्व प्रश्नांना उत्तरे’. ‘जवळजवळ’ या शब्दातली नम्रता लक्षणीय आहे. मंचाची भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी. शेतकऱ्याने आपला प्रश्न लिहायचा, हवे तर रोगट पानाचे छायाचित्र जोडायचे आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी त्याचे उत्तर द्यायचे. जिल्ह्याच्याच शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमही या आरंभीच्या प्रयोगात होता.

२०/
प्रश्न आणि उत्तर दोन्ही सर्वांना वाचता येत, ही या रचनेतील सर्वांत महत्त्वाची बाब. केंद्राच्या आवारात तज्ज्ञाने एका शेतकऱ्याला दिलेला सल्ला त्या दोघांपुरताच राही. मंचावर दिलेले उत्तर पुढच्या गावच्या, पुढच्या हंगामातील शेतकऱ्यालाही उपयोगी पडे. एकाची अडचण अनेकांची शिदोरी होई. इंदापूरच्या मोजणीत शेतकरी ओळीच्या रूपाने होता, सुप्याच्या रोख्यात निशाणीच्या रूपाने. येथे तो प्रश्नकर्ता म्हणून नोंदला गेला, आपल्या शब्दांसह.

२१/
तांत्रिक अडथळे मात्र डोंगराएवढे होते. पहिला अडथळा लिपीचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. तरी २००३ च्या सुमारास कितीतरी मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फाँट वापरत. तो फाँट उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. अशा मजकुरात शोध घेणेही जवळपास अशक्य. मराठी विकिपीडियाचा आरंभही याच वर्षीचा, १ मे २००३ चा. मराठीतून लिहिता आणि शोधता येणारे जाल त्या वर्षी नुकते कोठे आकार घेत होते.

२२/
दुसरा अडथळा जोडणीचा. तारेवरून येणारे इंटरनेट गावात क्वचितच पोहोचत होते. आयआयटी मद्रासच्या गटाने घडवलेले ‘कॉर्डेक्ट’ हे बिनतारी तंत्र त्या काळी ग्रामीण केंद्रांसाठी वापरले जाई. त्याचा वेग सेकंदाला ३५ किंवा ७० किलोबिट, म्हणजे आज एक छायाचित्र पाठवतानाही संयम सुटावा इतका. त्यात विजेचा खेळखंडोबा. म्हणून आक्वाच्या रचनाकारांनी जोडणी नसतानाही वापरता येईल अशी आवृत्ती तयार केली. जोडणी सदैव असेल, हे त्यांनी गृहीत धरले नाही.

२३/
तिसरा अडथळा शोधाचा. एकच प्रश्न कोणी मराठीत विचारी, कोणी हिंदीत. मराठीतील प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या भाषेत आधीच उपलब्ध असेल तर ते सापडावे कसे? आयआयटी मुंबईत ‘ॲग्रोएक्सप्लोरर’ नावाचे शोधयंत्र यासाठी विकसित करण्यात आले. ते शब्दांऐवजी अर्थाची सांगड घालण्याचा प्रयत्न करी. जोडीला ‘भाव पूछिये’ ही बाजारभाव सांगणारी सेवाही आली. रोगाची शंका आणि बाजाराचा भाव, शेतकऱ्याच्या दोन्ही काळज्या एका छताखाली आणण्याचा हा प्रयत्न होता.

२४/
नेमक्या त्याच काळात अमेरिकेत ऑनलाइन समुदायाची रचना हा वर्गात शिकवण्याचा विषय झाला होता. फिलिप ग्रीनस्पन आणि त्यांचे सहकारी एमआयटीत वेब ॲप्लिकेशनच्या अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम शिकवत. टिकाऊ समुदायाला काय लागते, याची एक यादीच त्यांनी केली होती : जाणकारांनी लिहिलेला मूळ मजकूर, सदस्यांना सहभागाची साधने, उत्तम शोध, देखरेखीचे काम वाटून देण्याची सोय, उपद्रवी सदस्यांना आवरण्याचा मार्ग आणि सदस्यांनाच व्यवस्था वाढवता यावी अशी मोकळीक.

२५/
या कसोटीवर बारामतीचा मंच ताडून पाहता येतो. मूळ मजकूर होता, कारण केंद्रातील तज्ज्ञ नेमाने उत्तरे देत. सहभागाची साधने होती, शोधाची सोय होती. पण एमआयटीच्या यादीत एक बाब गृहीत धरलेली आहे : सदस्य स्वतः कळफलकावर लिहितो. बारामतीच्या परिसरात ते गृहीत धरता येत नव्हते. अनेकदा गावातील केंद्रचालक शेतकऱ्याचे ऐकून प्रश्न टंकत असे. म्हणजे शेतकरी आणि नोंद यांच्यामध्ये पुन्हा एक लेखनिक उभा राहिला.

२६/
हा लेखनिक सुप्याच्या सावकारासारखा नव्हता. त्याचा शेतकऱ्याशी हितविरोध नव्हता. तरीही जो प्रश्न त्याला समजला तोच मंचावर पोहोचे. ‘पानं करपली’ या दोन शब्दांतून तज्ज्ञाला निदान करता येत नाही. कोणते वाण, लागवड कधीची, पाणी किती, फवारणी कशाची, हे विचारून घेणारा चालक असेल तरच उत्तर उपयोगाचे. ज्यांची पावले केंद्राकडे वळत नसत, त्या शेतमजुरांचे आणि शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे प्रश्न या वाटेने येणे अवघडच होते. समुदायाची सीमा सॉफ्टवेअरच्या आधीच आखली जाते, ती अशी.

२७/
पुढे माध्यमे बदलत गेली. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि दूरध्वनीवरून सल्ला मिळू लागला. एप्रिल २००५ मध्ये ‘ॲग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले मराठी दैनिक निघाले. २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे स्मार्टफोन बांधाबांधावर गेला आणि व्हॉट्सॲपचे गट शेतकऱ्यांच्या चावड्या झाले. आता लेखनिकाची गरज उरली नाही. बोलून संदेश पाठवता येतो, छायाचित्र क्षणात जाते. लिहिण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने हाती आला तो येथे.

२८/
पण या टप्प्यावर काही हरवलेही. दूरध्वनीवरचे उत्तर दोघांतच राहते. व्हॉट्सॲपच्या गटातील उत्तम उत्तर दोन दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडले जाते. गटाबाहेरच्या माणसाला ते दिसतही नाही. २००३ च्या मंचाने प्रश्नोत्तरांना दिलेली सार्वजनिक, शोधता येण्याजोगी स्मृती या नव्या चावडीत नाही. सोय वाढली, साठा घटला. रचनेतील प्रत्येक निवडीची किंमत असते. या निवडीची किंमत पुढच्या हंगामातल्या शेतकऱ्याला मोजावी लागते.

२९/
आणि आता लिहिणारा पुन्हा बदलतो आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. पहिल्या टप्प्यात सुमारे १,००० शेतकरी निवडण्यात आले. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून पाणी, खत आणि रोग यांविषयी सूचना मोबाइलवर येतात. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केल्यावर बारामतीचे नाव जगभर झाले.

३०/
पाण्याची आणि खताची बचत हा लहान लाभ नाही. इंदापूरसारख्या तालुक्यात तर तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. तरीही इतिहासाचा विद्यार्थी येथे जुनाच प्रश्न विचारील. १८३६ मध्ये मोजणीदाराने शेताची प्रत ठरवली, आज संवेदक ठरवतो. ती नोंद शेतकऱ्याला वाचता येते का? चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते का? ती कोणाच्या मालकीची? आणि यंत्राने न विचारलेली गोष्ट शेतकऱ्याला सांगायची असेल, तर तिच्यासाठी रकाना आहे का?

३१/
दुसरा प्रश्न जतनाचा. पेशवे दप्तरातले कागद दोन-अडीचशे वर्षे टिकले. संकेतस्थळ मात्र सर्व्हरचे भाडे थकले की एका रात्रीत नाहीसे होते. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. त्यांबरोबर असंख्य लोकांचे लेखन काळाच्या पडद्याआड गेले. १९९६ पासून चालत आलेल्या ‘मायबोली’सारखी उदाहरणे विरळा. शेतकऱ्यांच्या प्रश्नांचे मंच तर याहून नाजूक, कारण त्यांना साहित्याचा मान कोणी देत नाही.

३२/
इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे प्रश्न अनमोल आहेत. जुन्या दप्तरांतून शेतकऱ्याने किती सारा भरला ते कळते, रोख्यांतून त्याच्यावर किती कर्ज होते ते कळते. त्याला कशाची काळजी वाटत होती, हे त्याच्याच शब्दांत सांगणारी साधने फार थोडी. कोणत्या वर्षी कोणता रोग आला, कोणते नवे पीक लोक धास्तावत लावत होते, बाजाराविषयी काय शंका होत्या, हे सारे तारीखवार प्रश्नांतून उलगडते. १८७५ च्या आयोगालाही अशी सामग्री लाभली नव्हती.

३३/
म्हणून शनिवार-रविवारच्या व्याख्यानातून बाहेर पडणाऱ्या बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यासमोर दोन कामे आहेत. रचना करताना आधी विचारावे : यात कोण लिहू शकते, कोण वाचू शकते, चूक कोण सुधारते, उत्तराची जबाबदारी कोणावर आणि दहा वर्षांनी ही नोंद कोठे असेल? प्रिंगलने यांपैकी एकही प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने विचारला नव्हता, आणि त्याची तर्कशुद्ध योजना काही वर्षांत मोडीत निघाली.

३४/
दुसरे काम अधिक तातडीचे. २००३ च्या सुमारास गावागावांतील केंद्रांत बसून इतरांचे प्रश्न टंकणारे तरुण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांतील अनेक जण आता सत्तरीकडे झुकले असतील. कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर आले, पीक वाचले की गेले, हे त्यांना अजून आठवते. एक ध्वनिमुद्रक, एक वही आणि गावचा एक फेरा एवढ्यावर या दोन तालुक्यांच्या माहिती-इतिहासाचे एक प्रकरण वाचवता येईल. या वेळी लेखणी कोणाच्या हाती असावी, हे तरुणांनी ठरवायचे आहे.